मेडिकलमध्ये माल आहे, मग मुली का येत नाहीत?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका लहान संस्थेने आपल्या परिसरातल्या औषध दुकानदारांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. दुकानांत पोस्टर लावली, कंडोम, तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या आणि प्रेग्नन्सी टेस्ट किट ठेवायला मदत केली. काही महिन्यांनी पाहिलं तर माल जवळजवळ तसाच पडलेला. दुकानदार म्हणतात, "मागणीच नाही." मुली म्हणतात, "तिथे जाऊन मागणार कोण?" प्रश्न विचारणाऱ्या ताईंना कळेनासं झालं आहे, की आणखी जनजागृती करावी, दुकानं बदलावीत, की हा मार्गच सोडून द्यावा. पैसा फारसा नाही, तेव्हा आधी काय करावं?

ताई, मार्ग सोडू नका आणि जनजागृतीवर सध्या आणखी खर्चही करू नका. दुकानदारांच्या प्रशिक्षणाचं आणि पुरवठ्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. मागणी नाही हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा होत होत्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या नको असलेल्या होत्या. गरज आहे, पण ती काउंटरपर्यंत पोचल्यावर तोंडातून बाहेर पडत नाही. गाडं अडलंय ते तिथे, त्या दोन मिनिटांत.

एकदा संध्याकाळच्या वेळी एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात तासभर नुसत्या उभ्या राहा. एक मुलगी येते. काउंटरवर आधीच दोघे-तिघे असतात, म्हणून ती बाजूला होते आणि मागून आलेल्याला "तुम्ही घ्या आधी" म्हणते. तो जातो, तेवढ्यात दुसरा येतो, त्यालाही ती पुढे जाऊ देते. शेवटी दुकानदारच विचारतो, "काय हवंय?" हवी ती वस्तू त्याच्या पाठीमागे वरच्या फळीवर आहे. नाव मोठ्याने घेतल्याशिवाय ती मिळणार नाही, आणि दारात आणखी कोणीतरी उभं आहे. ती डोकेदुखीची गोळी मागते आणि निघून जाते. दुकानदाराच्या लेखी गिऱ्हाईक झालं, माल विकला गेला. तिला खरं काय हवं होतं ते कुठल्याच वहीत नोंदलं जात नाही. मग तो म्हणतो मागणी नाही, आणि त्याच्या बाजूने तो खोटं बोलत नसतो.

पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेवढं ध्यानात ठेवूनच वाचा. कुठली वस्तू डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येते, कुठल्या वयाला विकता येते, दुकानात इंजेक्शन देता येतं का, हे देशागणिक वेगळं असतं. पहिल्या दिवशीच तुमच्याकडचा नियम लेखी स्वरूपात हातात घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबू नका. मोठ्या शहरात मुलगी चार गल्ल्या सोडून अनोळखी दुकानात जाऊ शकते. लहान वस्तीत दुकानदार तिच्या वडिलांना ओळखतो, त्यामुळे तिथला पहिला प्रश्न गुप्ततेचाच असतो. लग्न झालेल्या आणि न झालेल्या मुलींच्या अडचणीही वेगळ्या. लग्न झालेलीला "एवढ्यात कशाला?" असं ऐकावं लागतं आणि न झालेलीला "तुला कशाला?" असं. दोघीही रिकाम्या हाताने परततात.

आता दुकानदाराच्या बाजूने बघू. आपण संस्थावाले बहुतेक वेळा त्याला अडाणी किंवा जुनाट समजून प्रशिक्षण देतो. माझा अनुभव वेगळा आहे. त्याला माहिती थोडी कमी असते हे खरं, पण त्याला खरी भीती असते ती नावाची. "तो पोरींना असल्या गोळ्या विकतो" अशी कुजबुज सुरू झाली तर त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक तुटेल. दुसरी भीती पोरीच्या घरचे भांडायला येतील ही. तिसरी गोष्ट पैशाची. या वस्तूंवर नफा थोडा, विक्री कमी, एक्स्पायरीचा धोका त्याचा आणि समजावून सांगायला वेळ जास्त. या तिन्हींवर एक दिवसाच्या प्रशिक्षणात कोणी बोलत नाही. तिथे गर्भाशयाची आकृती दाखवतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळतं. तो घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच वागतो.

शिवाय प्रशिक्षणाला मालक येतो, पण संध्याकाळी, मुली घराबाहेर पडतात त्या वेळेला, काउंटरवर त्याचा पुतण्या किंवा नवीन पोरगा असतो. त्याने यातलं काहीच ऐकलेलं नसतं. म्हणून मी आता दुकानात जाऊनच शिकवते, अर्धा-पाऊण तास, गर्दी नसताना, आणि काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला. घरातली बाई दुकानात बसत असेल तर आधी तिला. एखाद्या दुकानात बाई काउंटरवर असते ती वेळ कळली की मुली बरोबर त्याच वेळेला येतात.

नावाच्या भीतीवर मला सापडलेला उपाय असा: दुकानाची ओळख 'असल्या गोळ्यांचं दुकान' अशी होऊच द्यायची नाही, 'मुलींच्या सगळ्या गरजांचं दुकान' अशी होऊ द्यायची. पॅड, पाळीच्या दुखण्यावरची गोळी, लोहाच्या गोळ्या, साबण, केसांचं तेल, टेस्ट किट, कंडोम, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं एका मांडणीत. मग मुलगी तिथे उभी असली तरी ती कशासाठी उभी आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. पॅड घेणाऱ्या दहाजणींच्या आडोशाने अकरावीला गोळी घेता येते. याच कारणासाठी 'युवती कोपरा' किंवा 'युवा सल्ला' असे वेगळे फलक लावायला माझा ठाम विरोध असतो. त्या फलकाखाली उभी राहणारी प्रत्येक मुलगी ओळखू येते.

नाव न घेता मागण्याची सोय ही दुसरी गोष्ट. टांझानियातल्या शिन्यांगा भागात वीस औषध दुकानांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्याचं नाव 'मलकिया क्लाबू', म्हणजे राण्यांचा क्लब. मुलींना खरेदीवर शिक्के मिळणारं कार्ड दिलं जाई आणि शिक्के भरले की छोटी बक्षिसं. हे झालं वरवरचं. कार्डाच्या मागे चिन्हं होती आणि मुलगी चिन्हावर बोट ठेवून गर्भनिरोधक किंवा एचआयव्हीची स्वतः करायची चाचणी मोफत मागू शकत असे. काही बोलायची गरज नाही. त्या योजनेतल्या दुकानांत इतर दुकानांपेक्षा मुली जास्त येऊ लागल्या आणि या वस्तूही जास्त गेल्या. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुकानदारालाही गिऱ्हाईक वाढल्याचा फायदा झाला आणि मुलीला दुकानात शिरायला चारचौघांत सांगता येईल असं कारण मिळालं.

तुमच्याकडे कार्ड छापायला पैसे नसतील तरी चालेल. काउंटरवर काचेखाली वस्तूंच्या चित्रांचा एक कागद ठेवा, प्रत्येक चित्राला आकडा द्या. "चार नंबर द्या" एवढं म्हटलं की झालं. फोनवर आधी निरोप पाठवून बांधून ठेवलेलं पाकीट घेऊन जाणं हाही चांगला मार्ग आहे, मात्र फोन तिचा स्वतःचा असेल तरच. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक फोन असेल तर हा मार्ग तिला अडचणीत आणेल. आणि जिथे नियमात बसतं तिथे कंडोम, पॅड आणि टेस्ट किट काउंटरच्या अलीकडे, हाताला लागतील असे ठेवा. उचलायचं, पुढे करायचं, पैसे द्यायचे. वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची हे पुष्कळदा नियमच ठरवतो. अमेरिकेत २००६ पासून तातडीची गोळी १८ वर्षांवरच्यांना चिठ्ठीशिवाय मिळू लागली, पण वयाचा पुरावा तपासायचा असल्याने ती काउंटरमागेच राहिली. २०१३ मध्ये एका डोसच्या गोळीवरची वयाची अट उठली आणि ती उघड्या मांडणीत ठेवता येऊ लागली.

आता दुकानदाराने विचारायचं काय, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. "लग्न झालंय का?", "कोणासाठी हवंय?", "घरी माहीत आहे का?" या तिन्ही प्रश्नांचा औषधाच्या सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही. ते बंद करायला सांगा. पण नुसतं "काही विचारू नका" असंही सांगू नका, कारण काही प्रश्न खरोखर लागतात, आणि ते विचारले नाहीत तर मुलीचंच नुकसान होतं. म्हणून मी प्रत्येक वस्तूसाठी दोन-तीनच प्रश्न ठरवून देते.

तातडीच्या गोळीसाठी पहिला प्रश्न: संबंध येऊन किती वेळ झाला? लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितका उपयोग जास्त. वेळ जास्त झाला असेल तर युलिप्रिस्टलची गोळी १२० तासांपर्यंत चालते, आणि दवाखान्यात पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते, जी सगळ्यात खात्रीची. दुसरा प्रश्न: क्षयरोगाची, फिटची किंवा एचआयव्हीची औषधं चालू आहेत का? त्यातल्या काहींमुळे गोळीचा परिणाम कमी होतो, तेव्हा त्या मुलीला डॉक्टरांकडे पाठवायचं. एवढंच. या गोळीने गर्भपात होतो असा समज दुकानदारांमध्ये इतका घट्ट बसलेला असतो की तो मोडायला मी वेगळा वेळ ठेवते. ही गोळी मुख्यतः बीजकोषातून अंडं बाहेर पडणं लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा काही परिणाम होत नाही. गर्भपाताच्या गोळ्या हे वेगळं औषध आहे, त्याचे नियम वेगळे. "एकदा घेतली की पुढे मूल होत नाही" हेही खोटं. पुन्हा घ्यावी लागली तरी धोका नाही, पण नेहमीचा उपाय म्हणून ती कमी पडते, आणि हे वाक्य रागावून नाही तर मदतीच्या सुरात सांगायचं.

ती गोळी देतानाच पुढचं बोलता येतं. लिव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर रोजच्या संततिनियमनाच्या गोळ्या लगेच सुरू करता येतात, पहिले सात दिवस सोबत कंडोम वापरायचा. युलिप्रिस्टल घेतली असेल तर मात्र पाच दिवस थांबून मग सुरू करायच्या. असा नेमका सल्ला फार थोडे दुकानदार देतात, आणि जो देतो त्याच्याकडे मुली परत येतात.

रोजच्या मिश्र, म्हणजे दोन संप्रेरकांच्या, गोळ्यांसाठी विचारायचं ते हे: वय ३५च्या वर असून सिगारेट ओढता का, डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखणारी अर्धशिशी आहे का, रक्ताची गुठळी झाली होती का, रक्तदाब जास्त आहे का, नुकतंच बाळंतपण झालंय का, अंगावर पाजता का? दुकानात रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर मोजून घ्यावा. तरुण मुलींमध्ये बहुतेकींना या सगळ्यांचं उत्तर 'नाही' असं असतं. तपासणीच्या टेबलावर झोपवून तपासल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या स्वतःच्या काळजीविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत गर्भनिरोधक गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाव्यात अशी शिफारस केली आहे. त्याच सूचनांमध्ये दर तीन महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन बाईने शिकून घेऊन स्वतः टोचण्यालाही मान्यता दिली आहे. नियम परवानगी देत असतील तर हे इंजेक्शन दुकानांतून मिळण्याचा जरूर विचार करा, कारण घरात गोळ्यांचं पाकीट लपवावं लागतं अशा मुलींना ते सोयीचं पडतं.

टेस्ट किटसाठी एकच गोष्ट सांगायची, ती म्हणजे कधी करायची. पाळी चुकल्याच्या दिवसापासून करता येते. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवसांनी. घाबरलेली मुलगी तिसऱ्याच दिवशी चाचणी करते, 'नाही' दिसलं की निश्चिंत होते, आणि खरं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कंडोमच्या बाबतीत दुकानदारानेच काळजी घ्यायची: उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये तापत ठेवायचे नाहीत, तारीख बघायची, आणि सोबत तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये हे सांगायचं, कारण त्याने रबर फाटतं.

माल संपण्याबद्दल थोडक्यात सांगते, पण याला कमी लेखू नका. मुलीने महिनाभर धीर गोळा करून यावं आणि "संपलंय, पुढच्या आठवड्यात या" हे ऐकावं, की ती पुन्हा येत नाही. रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत तर एक पाकीट चुकणं म्हणजे सगळंच निसटणं. चार-पाच दुकानांनी मिळून एकत्र मागणी नोंदवली तर घाऊक विक्रेता थोडा थोडा माल द्यायला तयार होतो, आणि एक्स्पायरी जवळ आलेला माल परत घ्यायचं त्याच्याकडून आधीच कबूल करून घेता येतं. दुकानदाराची पैशाची काळजी याने बरीच हलकी होते.

फुकट द्यावं की किंमत घ्यावी, हा वाद जुना आहे. ज्यांच्या हातात स्वतःचे पैसे नाहीत त्या मुलींसाठी फुकट किंवा अगदी नाममात्र किंमत लागते, यात मला शंका नाही. पण दुकानदाराला त्यात काहीच मिळत नसेल तर फुकटचा माल त्याच्या फळीवर मागे मागे सरकत जातो. त्यावर उपाय असा, की मुलीला कूपनवर फुकट द्यायचं आणि दुकानदाराला प्रत्येक कूपनमागे त्याचा नेहमीचा नफा संस्थेने द्यायचा. हे महाग पडत असेल तर मोफतची सोय फक्त तातडीच्या गोळीला आणि टेस्ट किटला ठेवा, कारण या दोन वस्तूंना पैसे जमवायला वेळ नसतो.

एक गंभीर बाब. आलेली मुलगी फारच लहान दिसली, कोणी तिला धरून आणलं असेल आणि तिला बोलूच देत नसेल, अंगावर मार दिसत असेल, किंवा ती पुन्हा पुन्हा तातडीची गोळी न्यायला येऊन काहीच बोलत नसेल, तर दुकानदाराने काय करायचं? त्याने चौकशी अधिकारी व्हायचं नाही, आणि तिला हाकलायचंही नाही. वस्तू नियमात बसत असेल तर द्यायची, आणि सोबत एका विश्वासू डॉक्टरबाईंचा किंवा मदत केंद्राचा नंबर द्यायचा. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची खबर देणं कायद्याने कोणाकोणावर बंधनकारक आहे, हे तुमच्या देशातल्या वकिलाकडून आधीच समजून घेऊन दुकानदाराला सांगा. हे नीट ठरवलेलं नसेल तर घाबरलेला दुकानदार सगळ्याच मुलींना नाही म्हणू लागतो.

काम होतंय की नाही हे मोजायचं कसं? विक्रीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. ओळखीचे पुरुष पेटीने कंडोम नेतात आणि आकडा छान दिसतो. प्रशिक्षणानंतरची प्रश्नपत्रिकाही फसवी, कारण तिथे सगळे बरोबर उत्तर लिहितात. मी गिऱ्हाईक बनून जाणाऱ्या मुली पाठवते. त्या वीस-बावीस वर्षांच्या असतात, सगळं आधी समजावून आणि त्यांच्या संमतीने, आणि दुकानदारांनाही आधी सांगितलेलं असतं की वर्षभरात कधीतरी असं होईल. परत आल्यावर त्या तीन गोष्टी सांगतात: वस्तू मिळाली का, अनावश्यक प्रश्न विचारला का, आणि शेजारी उभ्या असलेल्याला कळलं असतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी ठरतं. त्यावरून दुकानदाराला रागावायचं नाही, त्याच्यासोबत बसून मांडणी बदलायची.

तर पैसे कमी असताना सुरुवात कशी? सगळ्या दुकानांच्या मागे लागू नका. तीन दुकानं निवडा: एक बाई चालवते असं, एक शाळा-कॉलेजच्या वाटेवरचं, एक वस्तीपासून जरा लांबचं. पहिल्या महिन्यात फक्त मांडणी, आकड्यांचा कागद आणि काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाशी बोलणं. दुसऱ्या महिन्यात पुरवठा नीट बसवा आणि एखादी मुलगी गिऱ्हाईक म्हणून पाठवून बघा. ती समाधानाने परत आली तरच इतर मुलींना सांगायला लागा, आणि ते पोस्टरने नाही. पोस्टर पालकही वाचतात. गटातल्या दोन-तीन मुलींकडून तोंडी निरोप जाऊ द्या: कुठलं दुकान, कुठल्या वेळेला, काउंटरवर कोण असतं, कुठल्या वस्तूला कुठला आकडा. दुकानातला माणूस किंवा वेळ बदलली की निरोपही त्याच दिवशी बदला, नाहीतर पहिलीच मुलगी चुकीच्या माणसासमोर जाऊन उभी राहील.